मोरी नसलेला भराव

प्रिय बाबा,

आज साहेबांशी कडाकडा भांडून आले. तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही जाऊन चार महिने झाले आणि तुमचंच बरोबर होतं हे कबूल करायला मला तेवढेच लागले.

चंद्रपूरहून मूलच्या बाजूला जाणाऱ्या नव्या हलक्या रेल्वेच्या मोजणीचं काम मला मिळालं, तेव्हा तुम्ही गावभर सांगत सुटलात, "माही पोरगी रेल्वे आणून राह्यली!" जशी काही मी ती डोक्यावरूनच आणणार होते! रुळांसाठीचा मातीचा भराव आपल्याच शिवारातून जाणार हे कळल्यावर तुम्ही नकाशा मागितलात.

"अन् पानी कोठून जाईन?"

"कसलं पाणी? तिथे नाला नाही, बाबा."

"नाला नाई, पण पानी हाये. खालच्या धानाले काय देशीन? इथी भरावाखालून पानी काढाले मोरी ठेव."

तुम्ही गावाचे पाणकर. मालगुजारीच्या काळातल्या आपल्या मामा तलावाचं पाणी कुणाला आधी, कुणाला नंतर, हे तुम्ही ठरवायचं. आपल्याकडे कालवा नाही, पाणी धानाच्या एका बांधीतून खालच्या बांधीत उतरत जातं. मी त्याच चिखलात वाढले ना? तरी मोजणी केली भर मे महिन्यात, भेगाळलेल्या जमिनीवर, आणि लिहून मोकळी झाले: पाण्याचा प्रवाह नाही. खाली सही माझी. दिव्याखाली अंधार!

वर तुम्हालाच म्हणाले, "डिझाइन मंजूर झालंय, तुम्ही यात पडू नका." तुम्ही पुन्हा विषय काढला नाहीत. का हो? कुणी पाण्याची पाळी मोडली तर अख्ख्या गावाशी भांडणारे तुम्ही, माझ्याशीच का नाही भांडलात? मला याचा राग आहे, बाबा. अजून आहे.

तुमच्या तेरवीला शेवंताबाई आली होती. सगळ्यांत खालची बांधी तिची. "तुह्या बापानं माहा धान कधी सुकू देल्ला नाई," म्हणाली. भराव तिच्या वरच्या अंगाला येणार हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि मी मान खाली घालून तिला वाढत राहिले.

मागच्या आठवड्यात तलावाचं पाणी सोडलं. नव्या पाणकराबरोबर शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने चालले, प्रत्येक बांधीचे फोटो काढले, नवा नकाशा केला. आज तो साहेबांपुढे ठेवला. पहिल्याच ओळीत लिहिलंय: माझी मोजणी चुकली.

"नोकरी घालवून बसाल," साहेब म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस! कधी बांधीत पाय तरी घातलाय?

"मोरीशिवाय भरावाच्या कागदावर मी सही करणार नाही."

"दुसरा कुणी करेल."

"करू द्या. माझ्या चुकीची प्रत ग्रामपंचायतीत दिली आहे."

रेल्वे मलाही हवी आहे, बाबा. आपल्या पोरींना रोज कॉलेजला जाता यायला हवं. पण ती शेवंताबाईचं पाणी अडवून येणार नाही. मी येऊ देणार नाही!

सोमवारी ग्रामसभा आहे. चूक कुणाची ते मी सगळ्यांसमोर सांगेन, शेवंताबाईची माफी मागेन. तिने शिव्या दिल्या तर खाईन. आणि मोरी नसताना मातीचा पहिला ट्रक आलाच, तर तिच्या धुऱ्यावर तिच्याआधी मी उभी असेन. हा माझा शब्द.

तुमची,
वनिता