चौतीस नंबरची पहिली चाल

मिलर्स फोर्ड, नेब्रास्का
१७ सप्टेंबर १९८४

ती. मार्लिसताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि दालचिनीच्या रोलचा डबा, दोन्ही पोचले. रोल संघातल्या पोरांनी फस्त केले. मैदानावर पाय उचलत नाहीत, खाताना मात्र त्यांचा हात कुणी धरू शकत नाही.

शनिवारी फुटबॉलचा सामना पुन्हा हरलो. बचावाची पोरं जीव तोडून लढतात, मी शिकवतो ती चढाईची फळी मात्र ढिम्म हलत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं, तेही होत नाही. कॉलेजच्या अध्यक्षांनी बोलावून सांगितलं की माजी विद्यार्थ्यांच्या सामन्यापर्यंत वाट बघतो, नंतर चढाईला दुसरा कोच बघतो.

दुखणं कुठे आहे ते मला ठाऊक आहे, ताई. घरच्या मैदानावरची आपली पहिली चाल. गेलन गेल्यापासून दर सामन्यात त्याचा चौतीस नंबर घातलेला पोरगा चेंडू पोटाशी धरून सरळ मधोमध घुसतो, कारण आपला भाऊ तसा घुसायचा. सगळे लोक टोप्या काढून उभे राहतात. पण समोरच्यांनाही हे पाठ झालंय. अकराच्या अकरा जण मध्यावर दबा धरून बसतात आणि पोराचा चेंदामेंदा करतात. यंदाचा चौतीस कर्टिस. आमचा सगळ्यांत चपळ गडी, पण पहिल्याच चालीत असा मार खातो की मग सामनाभर बिचकतो, आणि त्याला बघून बाकीचेही.

मुख्य कोच हार्लन म्हणतात, भाऊ तुझा, तूच ठरव. पण आई साठ मैल गाडी हाकत येते, लाल कोट घालून मैदानाच्या मधल्या, पन्नास यार्डांच्या रेषेसमोर बसते. तिच्या डोळ्यांदेखत मी ती चाल कशी मोडू? ठेवली तर नोकरी जाते, मोडली तर आई दुखावते. तू तिच्या शेजारी राहतेस. हळूच विचारून बघ ना. पाया पडतो.

लोभ आहेच, उत्तर येईपर्यंत तो आटू देऊ नकोस.

तुझा,
लोरन


एल्मवॉल्ड
२४ सप्टेंबर १९८४

चि. लोरन यास अनेक आशीर्वाद.

मोठा शूर आहेस! धिप्पाड पोरांवर गळा फाडून ओरडतोस आणि आईसमोर बोबडी वळते. गेले होते विचारायला. आई शेगडीवर राजमा-खिम्याची चिली ढवळत होती. मी फुटबॉलचा विषय काढला, तर तीच सांगू लागली की लाल कोटाचं अस्तर बदलून घेतलंय, यंदा थंडी लवकर येणार. तो कोट गेलनने दिलेला. चालीचं विचारलंच नाही. वाटीभर चिली घेऊन घरी आले.

मला विचारशील तर मला त्या चालीचा रागच येतो. आपला भाऊ बर्फावर ट्रक घसरून गेला, तरी दर शनिवारी त्याला तिथे पुन्हा आडवा पाडायचा! पण आईला तेवढी एकच जागा उरलीय असं वाटतं. ती हिसकावायचं पाप माझ्या माथी नको. नोकरी गेलीच तर इकडे ये, तुझ्या दाजींना, रॉजरला, मक्याच्या कापणीला माणूस हवाच आहे. चिडू नकोस, चेष्टा करतेय. खरं तर रडू येतंय.

तब्येतीला जप आणि बहिणीवर रुसू नकोस.

तुझी,
ताई


मिलर्स फोर्ड
८ ऑक्टोबर १९८४

ती. आईस,
शि. सा. न.

इकडे सर्व ठीक. शनिवारी माजी विद्यार्थ्यांचा सामना आहे, पण भयंकर गार वारं सुटणार म्हणतात. तुझे गुडघे आधीच कुरकुरतात, तेव्हा या खेपेला येऊ नकोस. रेडिओसुद्धा लावू नकोस, उगाच रक्तदाब वाढतो. रविवारी मीच येऊन सगळं सांगेन.

तुझी माया आहे तशीच राहू दे, एवढंच मागणं.

तुझा,
लोरन


एल्मवॉल्ड
१४ ऑक्टोबर १९८४

चि. लोरन यास आशीर्वाद.

आज येतो म्हणालास आणि आला नाहीस, म्हणजे तोंड दाखवायची भीती वाटली असणार. थंडीचं मला काय सांगतोस? इथल्याच थंडीत तुम्हा तिघांना वाढवलं. आणि रेडिओ लावू नको म्हणालास, तेव्हाच तुझं पितळ उघडं पडलं. आले होते मी. लाल कोट घरी ठेवला आणि पाहुण्यांच्या बाजूला बसले, तुला दिसू नये म्हणून.

कर्टिस चौतीस नंबर घालून उभा राहिला. लोकांनी टोप्या काढल्या. मी नेहमीसारखे डोळे मिटून घेतले. हो, मिटून. इतकी वर्षं ती चाल मी एकदाही पाहिलेली नाही. गेलनचा नंबर पाठीवर घेऊन कुणाचा तरी मुलगा माणसांच्या ढिगाखाली जातो, हे कुठल्या आईला बघवेल? तुला त्यात भाऊ भेटतो असं वाटायचं, म्हणून मी येत राहिले. मी तुझ्यासाठी, तू माझ्यासाठी. दोघांनी मिळून चांगलंच कोंडून घेतलं की रे स्वतःला!

शेजारची बाई किंचाळली म्हणून डोळे उघडले. चाल सुरू करणाऱ्या तुमच्या पोराने चेंडू कर्टिसच्या पोटात दिल्यासारखं केलं होतं आणि लांब फेकला होता. डाव्या कडेला तुमचा तो उंच मुलगा एकटाच धावत होता, त्याला अडवायला चिटपाखरू नव्हतं. पुढे जिंकलात, अध्यक्षांनी हार्लनला उचलून घेतलं, तेव्हा नोकरीचा घोर सोड, मी परतल्यावर मार्लिसने सगळं सांगितलं मला.

मी मात्र चेंडूकडे बघत नव्हते. ते सगळे दांडगे मध्यावर कर्टिसवर पडले होते आणि त्याच्याकडे चेंडूच नव्हता. एकेक जण ओशाळून उठला. आणि मग तळातून चौतीस नंबर उठला, अंगावरची माती झटकत, पोट धरून हसत. उभा राहिला रे तो, लोरन. मी पाहिलं.

आता तरी जेवायला ये. पुढच्या सामन्याला लाल कोट घालून माझ्या जागेवर बसेन, डोळे उघडे ठेवून.

तुझी,
आई