निखाऱ्यावरची हलगी

आबा, काल राणीसावरगावला गाऊन आले. साठी उलटली माझी, आवाज तसाच फाटका, आणि लोक अजूनही शेवटच्या गाण्यापर्यंत जागचे हलत नाहीत. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिली थाप पडली की मी तुमच्याच बाजूला बघते.

पाटलाच्या वरातीत हलगी वाजवायला तुम्ही साफ नकार दिलात. "गावकीचं वाजवणं बंद. आता माझी पोरगी गाणार अन् मी तिच्यामागं वाजवणार." आणि मी गात होते काय, तर नामांतराची गाणी! विद्यापीठाचं नाव बदला, असं तुमच्या पोरीनं भर चावडीसमोर गायचं, हे पाटलाच्या माणसांना कसं खपावं? त्यांनी रात्री आपलं घरच पेटवलं. तुम्ही मला धुरातून ओढून काढलंत, तेव्हा तुमच्या दुसऱ्या हातात हलगी होती.

सकाळी घराच्या जागी नुसते निखारे. आई कपाळाला हात लावून बसलेली. तुम्ही मात्र उकिडवे बसता आणि त्याच निखाऱ्यांवर हलगी धरून कातडं ताठ होईपर्यंत फिरवत राहता. आई ओरडते, "येड लागलंय का तुमाला? घर जळालंय आपलं!"

"म्हनून तर तापवायलोय. इस्तू फुकट कामून घालवू?" आणि मग माझ्याकडं वळून, "गा."

"आबा, धुरानं आवाज फाटलाय."

"फाटू दे. आपलं दुःख काय तुपात तळून सांगायचं हाय का?"

मी गायले. खोकत, रडत, पण गायले. चावडीपर्यंत ऐकू गेलं असणार. जायलाच पाहिजे होतं.

त्यानंतर मला कोण अडवणार होतं? कुणी भोंग्याची वायर तोडली, तर बिनभोंग्याची गायले. "बाई, जरा गोड गा," म्हणणारे शहाणे भेटले. त्यांना म्हटलं, गोड पाहिजे तर जिलबी खा. शेवटी नाव बदललं नाहीच, नुसतं वाढवलं, तेव्हा तुम्ही नव्हता. परभणीच्या मैदानात पहिलं गाणं तुमच्यासाठी म्हटलं, आणि दुसऱ्यात त्या अर्ध्या मापाचा जाब विचारला.

लोक म्हणतात, या बाईला कशाचंच भ्या न्हाई. तुम्हाला म्हणून सांगते, साथीदार गवत पेटवून हलगी तापवायला लागले की मी आजही पाठ फिरवून उभी राहते. धुराच्या वासाचं भ्या वाटतं, आबा. कालही पाठ फिरवली. मग थाप पडते आणि मी वळते.

हे पत्र कुठं धाडू? नात म्हणाली, "जाळून टाक आजी, वर पोचंल." नाही जाळणार. आपलं आता काहीच जळू द्यायचं नाही.