हापशाची तांबडी खूण

प्रिय गीतांजली,

तिसरी शिकलेली आजी कागद लिहायला बसली म्हणून घाबरू नको. कुणी मेलं न्हाई. तुझा आजा कमरेत वाकून का होईना, ओट्यावर बसून शिव्या देऊन राहिलाय. तू अन् तुझी आई लातुरात खोली करून राहिल्यापासून त्याचं ऐकणारी मीच एकटी.

काल चूल पेटवायला तुझी नववीची विज्ञानाची वही फाडायला घेतली. अक्षर बरं दिसलं, एक पान वाचलं अन् डोकंच फिरलं. तू लिहिलंस, पाण्यात माती म्हणजे निलंबन, ते गाळता येतं. पाण्यात मीठ म्हणजे द्रावण. पाणी द्रावक, मीठ द्राव्य, ते दिसत न्हाई अन् फडक्यानं गाळून निघत न्हाई. म्हटलं, मास्तरनं थापा मारल्या. तांब्यात मूठभर मीठ विरघळवलं, लुगड्याचं फडकं चौपदरी करून गाळलं. पाणी काचेवानी नितळ. घोट घेतला अन् थुंकला. खारट! आठपदरी करून गाळलं. तरी खारटच! मी तिथंच खाली बसले.

चाळीस वर्षं या घरात फडक्याबिगर घागर भरली न्हाई. एकदा तुझ्या आईनं भरली तर मी ती अंगणात ओतली होती. तू रांगत होतीस तेव्हा आरोग्यवाले आले. दारातल्या हापशाचं पाणी तपासलं अन् हापशाला तांबडा रंग फासला. म्हणाले, पाण्यात फ्लोराईड हाय, पिऊ नका, पोरांचे दात अन् मोठ्यांची हाडं जातील. तुझी आई म्हणाली, आत्याबाई, मळ्यातल्या विहिरीचं आणत जाऊ. मी म्हणाले, मोठी आली शहाणी, माझं फडकं काय झोपलंय का? वर त्या तांबड्या खुणेवर चुना मारला. मीच. दारात बरी दिसंना म्हणून.

मग तुझ्या दातांवर तपकिरी डाग आले. मी गल्लीभर सांगितलं, आमच्या सुनंला, उज्ज्वलाला, पोरीचे दात घासायचं वळण न्हाई, माहेरानं शिकवलंच न्हाई. तिनं राखुंडीनं घासून घासून तुझ्या हिरड्यांतून रक्त काढलं, पण मला उलटून बोलली न्हाई. ते फ्लोराईडबी मिठावानीच विरघळलेलं, फडक्यातनं पार जाणारं, हे मला काल कळलं. आज सकाळी हापशाला माझ्या हातानं पुन्हा तांबडा रंग दिला. शेजारची तारामती हसली, म्हातारीला होळी आठवली म्हणून. हसू दे. पाणी आता विहिरीचं आणते. पण तुझे दात अन् आज्याची कंबर काय सरळ होत न्हाई. हा कागद खरा तुझ्या आईसाठी हाय. फोन लावला की माझं तोंड उघडत न्हाई. चूक तिची नव्हती, माझी होती. तिला समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखव. अन् वाचताना तोंडावर हात धरायचा न्हाई, सांगून ठेवते.

तुझीच, तोंडाळ आजी
सुभद्राबाई