हनुवटीवरचा वण

प्रिय प्रिती,

सप्रेम जयभीम.

तू अहमदाबादला जाऊन आज तेवीस दिवस झाले. फोनवर आपलं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘गोळी घेतली का’ याच्या पुढे जात नाही, म्हणून हे पत्र. जाताना तू माझ्याशी धड बोलली नाहीस, आणि त्यात चूक तुझी नव्हती. तुझ्या आईचा भिंतीवरचा फोटो मी ज्यावरून केला, तो मूळ फोटो तू मागितलास. तिकडे शिकताना त्याच्यावर काम करायचं होतं तुला. मी तो हरवला म्हणून सांगून मोकळा झालो. तुला ते पटलं नाही, हे तुझ्या तोंडावरून दिसत होतं. त्याच्याकडे मी येणार आहे, पण आधी दुकानातली हकीकत ऐक.

आधी थोडी बढाई मारून घेतो. जुने फोटो दुरुस्त करायला शिकवायला तिथल्या संग्रहालयाने देशभरातून आठ जण निवडले आणि त्यात एक भोईवाड्यातली पोर आहे, हे इथे आता सगळ्यांना पाठ झालंय. कोर्टाबाहेर टायपिंगला बसणारा हेरंब मला लांबून बघितलं की कागदात तोंड घालतो. घालू दे. चाळीस वर्षं त्या कोर्टाच्या दारात मी लोकांचे पासपोर्ट फोटो काढले, मला कुठून निवडीचं पत्र आलं नाही. तुझं आलं, ते मी काउंटरच्या काचेखाली लावलंय. गिऱ्हाईक फोटोची वाट बघताना वाचतं. नाही वाचलं तर मी वाचायला लावतो.

तर मागच्या आठवड्यात चिंचपोकळीची मनू आली. तिचा नवरा राजरत्न, स्टेशनजवळच्या कारखान्यात लेथवर होता, तो गेल्याचं तुला कळवलं होतं. रविवारी त्याचं पुण्यानुमोदन आणि तिच्याकडे फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नात हॉलच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मोबाईलवर काढलेला. मोठा करून बघितला तर चेहऱ्यावर लाल-हिरव्या ठिपक्यांची नुसती रांगोळी. मी म्हटलं, ठेव, उद्या घेऊन जा. तू नव्हतीस, पण कॉम्प्युटर होता आणि माझी ऐट होती. नॉईज कमी करायची पट्टी मी शेवटपर्यंत ओढली. ठिपके गेले, चेहरा गुळगुळीत झाला. मग तो पुसट वाटला म्हणून शार्पनिंगची पट्टीही शेवटपर्यंत ओढली. केसांच्या कडेने पांढरी रेघ उमटली, ती मला चमक वाटली. फ्रेम करून मोठ्या रुबाबात मनूच्या हातात दिला. तिने फोटो बघितला, मग मला बघितलं. म्हणाली, “भाऊ, फोटो झ्याक आहे, पण हा माणूस माझ्या घरातला नाय. त्याच्या हनुवटीवरचा वण कुठंय?” लेथवरचा लोखंडाचा कीस उडून लागला होता त्याला, लग्नाच्या आधी. मी तो वण ठिपक्यांबरोबर पुसून टाकला होता.

दुसरा फोटो नव्हता आणि मधे दोन दिवस होते. मी तुझी वही काढली. दोन वर्षांपूर्वी एका फोटोत तू असल्याच ठिपक्यांचे थोडे दाणे ठेवलेस म्हणून मी गिऱ्हाइकासमोर तुझ्यावर ओरडलो होतो. तू उलटून बोलली नाहीस, पण वहीत माझ्यासाठी सगळं लिहून ठेवलंस, आणि मी ती कधी उघडली नव्हती. त्यात लिहिलंय, नॉईज दोन जातीचा, रंगाचा आणि उजेडाचा. रंगाचा बिनधास्त काढा. उजेडाचा थोडाच काढा, त्यात माणसाची कातडी असते. शार्पनिंग त्यानंतर, फोटो शंभर टक्क्यांवर ठेवून. ऑल्टचं बटण दाबून मास्किंगची पट्टी सरकवा, पांढरं दिसेल तिथेच ते लागतं, काळ्यावर नाही. आणि खाली, ‘पप्पा, पट्टीला टोक आहे म्हणून टोकापर्यंत गेलंच पाहिजे असं नाही.’ एकटाच हसलो.

तू लिहिलंस तसं एकेक करत गेलो. डोळे, मिशी आणि वण तेवढे पांढरे राहिले, गाल काळे. मास्क तिथेच सोडला आणि बघितलं, तर राजरत्न होता. थोडे दाणे उरले होते, ते मी राहू दिले. मनूने काचेवरून त्या वणावर अंगठा फिरवला. रविवारी विहारात त्याच्या कारखान्यातला एकजण फोटोपुढे उभा राहून म्हणाला, “असाच बघायचा हा, काम बिघडलं की.” मी सगळ्यांना सांगितलं, हे माझ्या पोरीचं काम आहे. हात माझा होता, पण खोटं बोललो असं मला वाटलं नाही. तुझा एवढा अभिमान मला निवडीच्या पत्रानेही वाटला नव्हता.

आता तुझ्या आईचं. मूळ फोटो हरवलेला नाही. तुझ्या आईच्या दोन्ही गालांवर देवीचे व्रण होते. भिंतीवर ते नाहीत, आणि ती गेली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस, म्हणून तुला आठवत नाहीत. आमच्या लग्नाच्या फोटोवर मी रिटचिंगची पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा तिने माझं मनगट धरलं होतं. म्हणाली होती, आहे तशी राहू दे मला. ती होती तोवर मी ऐकलं. ती गेल्यावर माणसं येतील, बघतील, म्हणून नव्या घेतलेल्या कॉम्प्युटरवर मी तिचा चेहरा साफ केला. तू फ्रेमपुढे उभी राहून विचारलंस, ही कोण? सगळे म्हणाले, पोर भांबावलीय. तू भांबावली नव्हतीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. बावीस वर्षं मी गप्प बसलो. भिंतीवरचा फोटो आज सकाळी मी उतरवला. मूळ फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून या पत्रासोबत पाठवतोय. माझ्या हातून तो होणार नाही, तुझ्या हातून होईल. झाला की आधी मला दाखव, तिला रोज जवळून बघितलेला आता मी एकटाच उरलोय. किती व्रण ठेवायचे ते मात्र विचारू नकोस. सगळे ठेव.

तुझाच,
पप्पा