धूर न दिलेलं घर

नदीकाठची वस्ती,
न्यू साउथ वेल्स, ऑस्ट्रेलिया
९ ऑगस्ट १९७४

प्रिय मर्लला डल्सीताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर छापल्यासारखं आहे. गोऱ्यांच्या घरात वाढलीस ते अगदीच फुकट गेलं नाही म्हणायचं. इकडे थंडी आहे, नदीला पाणी बरं आहे. क्लॅरीमामाचे गुडघे गेलेत, जीभ मात्र शाबूत आहे.

लहानपणचं काही आठवतं का, विचारलंस. मला दुसरं आठवतंय काय! आई राखेत भाकरी भाजायची आणि तू राख न झटकताच खायचीस. आम्हा काळ्यांत तूच उजळ, आणि सरकारी माणसं उजळ पोरंच आधी उचलायची, गोऱ्यांत वाढवायला. म्हणून आई रोज सकाळी तुझ्या अंगाला चुलीतला कोळसा फासायची. तुला गुदगुल्या व्हायच्या, तू खिदळायचीस. त्यानं अंगावर पुरळ उठलं, म्हणून एके दिवशी तिनं तुला नदीवर साबण लावून न्हाऊ घातलं. सरकारी मोटार नेमकी तेव्हाच आली. त्यानंतर आईनं साबणाला कधी हात लावला नाही. कपडेसुद्धा राखेनं धुवायची.

आईचं नाव लिहून कळव म्हणतेस. ते मला लिहिता येणार नाही. आपल्यात माणूस गेलं की त्याचं नाव घेत नाहीत. तुझं पत्र यायच्या थोडं आधी गेली ती. हे लिहायला हात उठेना, म्हणून इकडचं तिकडचं लिहीत बसले.

गेलेल्याच्या घराला ओल्या पाल्याचा धूर द्यायची आपली रीत आहे, म्हणजे जीव वाटेला लागतो. तो मी अजून देऊ दिलेला नाही, घरात चूलसुद्धा पेटवलेली नाही. तिच्या घोंगडीला अजून तिचा वास आहे, धुरानं तो जाईल. यावरून मामाशी रोज भांडण. परवा म्हणाला, "किती दिवस अडकवून ठेवशील गं तिला?"

मी म्हटलं, "धाकटी येईपर्यंत. इतकी वर्षं वाट बघितली तिनं, अजून थोडी बघेल."

मामा पायरीवर बसून रडला. काल मात्र स्वतःच पाला तोडून आणला आणि दाराशी ठेवला. "वाळायच्या आत ये म्हणावं तिला," एवढंच बोलला.

तेव्हा ये, मर्ल. मोटारीतून उतरलीस की कुणाला पत्ता विचारू नकोस. या थंडीत घरोघरी चुली पेटलेल्या असतात. ज्या घरातून धूर निघत नसेल, ते आपलं.

दारात बसलेली,
तुझी डल्सीताई