टोकावरून गायलेले अभंग

मंगळवार, १८ नोव्हेंबर २००८. संध्याकाळ.

उद्या दादाच्या घशाचं ऑपरेशन. नंतर आवाज राहील अशी खात्री डॉक्टर देत नाहीत. म्हणून यूएसबी माइक आणला आणि आज त्याचे चार अभंग कॉम्प्युटरवर घेतले. ऐकतो तर शेजारच्या कापड विणायच्या लूमचा खडखडाट मोठा आणि दादा कुठेतरी लांब! दुकानदाराला फोन केला, तर हसतो! "काका, भजनातल्या माइकसारखं टोकात गायलात ना? याचं तोंड बाजूला असतं."

मग विकताना का नाही बोललास? पण 'टोकाजवळ ये' असं दादाला मीच सांगत होतो. मीच मूर्ख.

आता दादाचा घसा पार बसलाय. कुजबुजत म्हणाला, "देवानी आयकला ना? बस झाला."

देवाने ऐकलं. मला ऐकायचं होतं, त्याचं काय?