ताईला गप्प बसवणारी फिल्म

२ जून
"तू गप्प असलीस ना, की किती गोड दिसतेस." ताई हे म्हणाली तेव्हा मी आठवीत होते. पाहुण्यांसमोर म्हणाली. सगळे हसले. मी विसरलेले नाही.
आज फिल्मच्या कोर्सला सरांनी प्रोजेक्ट दिलं. पाच मिनिटांची फिल्म, एकही शब्द नको. चाळिशी उलटल्यावर का होईना, माझा दिवस आला.

३ जून
कथा तयार. दोन बहिणी, एक घर. धाकटी जे मांडते ते थोरली उचलून दुसरीकडे ठेवते. शेवटी थोरली एकटी पडते.
थोरलीचं काम ताईच करणार. तिला म्हटलं, साधी घरगुती फिल्म आहे. लगेच हो म्हणाली, वर कोणता रंग घालू विचारलं. बिचारी. कोर्स संपताना फिल्म दाखवतील तेव्हा पहिल्या रांगेत बसवणार.
नवरा म्हणाला, "बिनशब्दांची फिल्म? तू?" आणि खोकल्याचं निमित्त करून आत पळाला. त्याचाही नंबर लागेल.

७ जून
शूटिंग. फोन स्टँडवर. धाकटी मीच, पण माझी फक्त पाठ आणि हात. दिग्दर्शकाने मिरवू नये.
फिल्ममध्ये शब्द नाहीत, म्हणजे शूटिंग चालू असताना हवं तेवढं बोलता येतं. एवढी मोठी सोय कुणाच्याच कशी लक्षात आली नाही?
ताईने माझा कप उचलून फडताळात ठेवला. म्हटलं, "अगं, नेहमीसारखा तोऱ्यात ठेव." म्हणाली, "नेहमीसारखा म्हणजे?" म्हटलं, "तू बोलू नकोस."
इतक्या वर्षांनी! जेवण गोड लागलं.

८ जून
आजही तेच. "तोंड मिट." "एवढं साधं जमत नाही?" "लहानपणापासून अशीच आहेस." सगळं दिग्दर्शन.
एकटेपणाचा शॉट मात्र शिकवावा लागला नाही. खिडकीपाशी बसली ती बसूनच राहिली. डोळे भरले. मी ओरडले, "वा! हेच हवं होतं मला!"
ती उठली. कप विसळून पालथा घातला, चपला घातल्या, गेली. येते म्हणालीसुद्धा नाही. कलाकारांचे नखरे असतातच.

१२ जून
ताई फोन उचलत नाही. घाबरली असणार. उद्या वर्गात फुटेज दाखवायचंय. मी आवाज बंद करून पाहिलं. अप्रतिम.

१३ जून
सर म्हणाले, शब्द नकोत म्हणजे आवाज नको असं नाही, आवाज लावा. लावला.
पडद्यावर ताई, आणि वरून मी. सतत मी. वर्ग आधी खूप हसला. खिडकीच्या शॉटला थांबला. मागून एकीने विचारलं, "ती ओरडणारी बाई कोण?" म्हटलं, नक्की सांगता येणार नाही.
सर म्हणाले, थोरलीचं काम फार सुंदर, पण हा आवाज काढल्याशिवाय फिल्म घेणार नाही. कप, खुर्ची, पावलं, सगळं पुन्हा रेकॉर्ड करून आणायचं.

१४ जून
स्वतःच कप ठेवून रेकॉर्ड केलं. नवरा आतून धावत आला, म्हणाला, "काय फुटलं?" पुन्हा केलं. आपटल्यासारखंच वाजतं. ताईने ठेवलेला जेमतेम ऐकू येतो.

१५ जून
ताईला मेसेज लिहिला. "तासभर येशील? फक्त कप ठेवायचाय. मी एक शब्दही बोलणार नाही." शेवटचं वाक्य पुसलं. ती मला ओळखते.
तशीही नाहीच म्हणणार. तिच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं.
मग बाकीचंही पुसलं आणि एवढंच पाठवलं.
"ताई, येशील का?"